वावरच्या अंगणवाडीतलं खरं वजन

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात वावर आणि वांगणी ही गावं आहेत. १९९२ साली इथल्या पाड्यांवर कुपोषणाने आणि त्यामागून आलेल्या आजारांनी शंभराहून अधिक मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि ‘वावर-वांगणी’ हे जोडनाव महाराष्ट्रभर पोचलं. तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याच १९९२ सालच्या सप्टेंबरात अनुताई वाघ गेल्या. ताराबाई मोडकांबरोबर १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं होतं. एकाच जिल्ह्यात सत्तेचाळीस वर्षं देशाला वाट दाखवणारं काम चालतं आणि त्याच जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात मुलं उपासमारीने जातात, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं पाहिजे. कोसबाडला जे कळलं होतं ते प्रत्येक पाड्यावर पोचवायला माणसं, धान्य, वजनकाटे आणि रस्ते लागतात. ते पोचले नव्हते.

या लेखात मला एक गोष्ट सावकाश उलगडून दाखवायची आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या बाईची व्यावसायिक नीती म्हणजे नेमकं काय, ती रोजच्या कामात कुठे कुठे लागते आणि ती पाळायला तिच्या हाताशी काय असावं लागतं. वावरसारख्या गावात हा प्रश्न सगळ्यात स्पष्ट दिसतो, कारण इथे चुकीची नोंद मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आधी अंगणवाडीची रचना. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना मात्र त्याआधीची, ताराबाई आणि अनुताईंच्या कामातली. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, धाकट्या भावंडाला सांभाळतात, गुरांमागे जातात, हे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यायची असं त्यांनी ठरवलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, तीही याच विचाराने. सरकारी योजनेत सहा सेवा आहेत : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणं म्हणजे संदर्भ सेवा, आयांसाठी पोषण आणि आरोग्याचं शिक्षण, आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण. आदिवासी आणि डोंगरी भागात ३०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी आणि १५० ते ३०० वस्तीच्या पाड्याला मिनी अंगणवाडी, असा निकष ठरला. एक सेविका, एक मदतनीस. मिनी अंगणवाडीत बहुतेक वेळा एकटी सेविका असायची. वर मुख्यसेविका आणि त्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी.

म्हणजे एका बाईच्या अंगावर शिक्षिका, परिचारिका, स्वयंपाकाची देखरेख आणि कारकुनी अशी चार कामं आहेत. या चारही कामांत ती दिवसभर लहानमोठे निर्णय घेते आणि बहुतेक निर्णय कोणी पाहत नाही. नीतीचा प्रश्न इथेच सुरू होतो.

अमेरिकेत लहान मुलांच्या शिक्षकांची एक मोठी राष्ट्रीय संघटना आहे, नॅशनल असोसिएशन फॉर द एज्युकेशन ऑफ यंग चिल्ड्रन. तिने १९८९ मध्ये आपल्या सभासदांसाठी एक आचारसंहिता स्वीकारली. तिच्यात जबाबदारीच्या चार दिशा सांगितल्या आहेत : मुलाशी, त्याच्या कुटुंबाशी, सहकाऱ्यांशी आणि समाजाशी. आणि सगळ्यांच्या वर एक तत्त्व ठेवलं आहे की मुलाला इजा होईल असं काहीही करायचं नाही. बाकीच्या कुठल्याही नियमाशी टक्कर झाली तर हे तत्त्व जिंकतं. आपल्याकडे सेविकेच्या जबाबदाऱ्या कायद्यांत, शासन निर्णयांत आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत विखुरलेल्या आहेत. तरी या चार दिशा जव्हारच्या पाड्यावर तशाच लागू पडतात. आपण त्या कामाच्या क्रमाने पाहू.

सुरुवात वजनापासून करतो, कारण माझ्या मते अंगणवाडीतली सगळ्यात मोठी नैतिक कृती वजन घेणं हीच आहे.

वजन नीट कसं घ्यायचं? काटा सपाट, घट्ट जागेवर ठेवायचा किंवा टांगायचा. आधी तो शून्यावर आहे ना हे बघायचं. मुलाचे जाड कपडे आणि चपला काढायच्या. मूल शांत होईपर्यंत थांबायचं, कारण हातपाय झाडणाऱ्या मुलाचा आकडा हलत राहतो. मग उंची. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजतात, दोन वर्षांवरच्या मुलाची उंची उभं करून. दोन्हींत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून मोठं मूल आडवं मोजलं तर तेवढं वजा करावं लागतं. मग दंडघेर : डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना, पट्टी न आवळता आणि न सैल ठेवता. सहा महिने ते पाच वर्षं वयात हा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सेविकांच्या बोलण्यात ‘सॅम’. ११.५ ते १२.५ मध्ये आला तर मध्यम कुपोषित, ‘मॅम’. शेवटी दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून बघायचं. खड्डा पडून तसाच राहिला तर अंगावर सूज आहे, आणि सूज आलेल्या मुलाचं वजन फसवं असतं. ते जड भरतं आणि मूल मात्र धोक्यात असतं.

हे सगळं एका मुलाला सात-आठ मिनिटं घेतं. पट तीस मुलांचा असेल तर हिशेब करा. पावसाळ्यात काटा बिघडलेला, उंची मोजायची पट्टी भिंतीवरून निघालेली, शिवाय महिनाअखेरीला माहिती भरायची घाई. मग मोह होतो. गेल्या महिन्याच्या आकड्यात शंभर-दोनशे ग्रॅम मिळवून टाकायचे आणि पुढे जायचं. दुसरा मोह जास्त खोल आहे. मूल ‘सॅम’ लिहिलं की वरून विचारणा होते, बैठकीत उभं राहावं लागतं, ‘तुमच्याकडेच कसं काय वाढलं’ असं ऐकावं लागतं. ११.३ चा दंडघेर ११.६ लिहिला की हे सगळं टळतं.

त्या तीन मिलिमीटरांनी काय घडतं ते पायरीपायरीने बघा. मूल मध्यम गटात गेलं. त्याला ग्राम बालविकास केंद्रातला जादा आहार मिळत नाही. डॉक्टरांच्या तपासणीच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर येत नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याचा विचारच होत नाही. जुलैत त्याला जुलाब होतात. तीव्र कुपोषित मुलाला साधा जुलाब किंवा न्यूमोनिया सोसत नाही, कारण झुंजायला अंगात काही साठलेलंच नसतं. मृत्यूचं कारण ‘जुलाब’ लिहिलं जातं आणि कुपोषणाचा आकडा पुन्हा तसाच राहतो. २००१ साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्याबरोबरच्या संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. महाराष्ट्रात बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त होतात, हे त्यांनी स्वतः मोजून दाखवलं. जे मूल नोंदीत नाही त्याच्यासाठी औषध, अन्न, डॉक्टर यांपैकी काहीच मागता येत नाही.

म्हणून सेविकेसाठी नियम सरळ आहे : जे दिसलं तेच लिहायचं. पण हा नियम एकट्या सेविकेवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. वाईट आकडा आणणाऱ्या बाईला शिक्षा आणि चांगला आकडा आणणारीला शाबासकी, अशी व्यवस्था असेल तर आकडे चांगलेच येत राहतील. ज्या मुख्यसेविकेला खरे आकडे हवेत तिने ‘सॅम’ मूल शोधून आणणाऱ्या सेविकेचं आधी कौतुक करावं, मग पुढच्या मदतीचं बोलावं. खरं बोलण्याची किंमत कमी करणं ही वरिष्ठांची व्यावसायिक नीती आहे.

आता ताट. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा झाला तेव्हा तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण त्यात घातलं गेलं : सकाळचा नाश्ता आणि ताजं शिजवलेलं जेवण. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून २०१५ च्या अखेरीस गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण सुरू झालं आणि २०१६ पासून लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. अंगणवाडीतलं जेवण हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यातूनच ताटाची नीती निघते. जेवण बक्षीस म्हणून द्यायचं नाही आणि शिक्षा म्हणून रोखायचं नाही. ‘कविता म्हण, मग अंडं’ हे वाक्य अंगणवाडीत कधीच उच्चारलं जाऊ नये. उशिरा आलेल्या, रडणाऱ्या, अंथरूण ओलं करून आलेल्या मुलालाही तेवढाच घास.

यापुढचा प्रश्न अवघड आहे. आठ वर्षांची बहीण कडेवर दीड वर्षाचं भावंड घेऊन अंगणवाडीच्या दारात उभी आहे. आईबाप रानात गेलेत. तिच्या वयाला इथे आहार नाही, ती शाळेत असायला हवी. कडेवरच्या बाळाला घरी न्यायचा शिधा मिळतो, ताट नाही. तीन वर्षांचं तिसरं भावंड आत बसलंय आणि आपलं अंडं अर्धं करून बहिणीला देतंय. सेविकेने काय करावं? नियमाप्रमाणे बहिणीला हाकलावं, तर उद्या तिघंही येणार नाहीत. डोळेझाक करावी, तर ज्याच्या नावाचं अन्न त्याच्या पोटात अर्धंच जातं आणि महिन्याअखेरीला वजन का वाढलं नाही हे कळत नाही. मला योग्य वाटणारी वाट अशी : त्या दिवशी कोणालाही दारातून परत पाठवायचं नाही. वाटण्याचा गुण तोडायचा नाही, पण आतल्या मुलाने आपलं अंडं समोर बसून खावं एवढं पाहायचं. संध्याकाळी गृहभेट घ्यायची, मुलीचं शाळेतलं नाव तपासायचं, शाळेच्या गुरुजींना सांगायचं, बाळाचा शिधा घरी पोचतो का आणि त्याचं काय होतं ते विचारायचं. आणि हे नोंदवहीत लिहायचं. ‘या पाड्यावर दिवसा बाळांना सांभाळायला कोणी नाही’ ही गोष्ट अशा पाच-सहा नोंदींतून वर पोचली, तर पाळणाघराची मागणी करायला आधार मिळतो. ताराबाई आणि अनुताईंनी नेमकं हेच केलं होतं. मुलं का येत नाहीत याचं खरं कारण त्यांनी शोधलं आणि आपली व्यवस्था बदलली.

भाषेकडे वळू. जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, मल्हार कोळी अशा समाजांची मुलं अंगणवाडीत येतात. घरातली बोली प्रमाण मराठीपेक्षा खूप वेगळी असू शकते. तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा आईपासून दूर बसतं, त्याला तहान लागते, शी लागते, आणि ते सांगायला त्याच्याकडे जो शब्द आहे तो समोरच्या बाईंना कळत नाही किंवा ऐकून त्या हसतात. हसणं हीसुद्धा इजा आहे, आणि ती बराच काळ टिकते. मूल गप्प होतं, आणि गप्प मुलाला आपण ‘हुशार नाही’ म्हणून मोकळे होतो.

सेविका त्याच पाड्यावरची असेल तर तिची घरची बोली हे तिचं सगळ्यात मोठं साधन आहे. प्रशिक्षणात कोणी तिला ‘शुद्ध बोला’ म्हटलं असेल तर ते विसरून जावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे आणि घरच्या भाषेतून शिकण्यावर भर दिला आहे. कामाची पद्धत अशी : गोष्ट आधी बोलीत सांगायची. चित्र दाखवून मुलांकडून त्यांचे शब्द काढायचे. तीच गोष्ट पुढच्या आठवड्यात सांगताना मराठी शब्द शेजारी बसवायचे, आणि दोन्ही शब्द वापरात ठेवायचे. सेविका बाहेरची असेल तर तिने मदतनीस ताईला गोष्टीच्या वेळी पुढे बसवावं. मदतनीस म्हणजे केवळ झाडलोट आणि खिचडी असं मानणं सहकाऱ्याशी असलेल्या जबाबदारीतही बसत नाही. पालघर जिल्ह्यातच, वाडा तालुक्यातल्या सोनाळे गावी, नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था आहे. तिचा ‘पालवी’ कार्यक्रम अंगणवाड्यांतल्या बालशिक्षणासाठीच आहे. डहाणू तालुक्यात ऐने इथे अनुताई आणि रमेश पानसे यांनी उभ्या केलेल्या ग्राममंगलचं काम आहे. जव्हारच्या सेविकेला शिकायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. जिल्ह्यातच जाणकार आहेत. त्यांच्यापर्यंत जायला तिला रजा आणि प्रवासखर्च मिळाला पाहिजे.

साधनांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘निसर्गातली साधनं वापरा’ एवढं सांगून सगळे थांबतात. माँटेसरी पद्धतीची लाकडी, बाहेरून आणलेली साधनं महाग होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला तेव्हापासून ही पद्धत आपल्या मातीत आणायचा प्रयत्न चालू होता. बोर्डी-कोसबाडला त्या प्रयत्नाने शंख-शिंपले, बिया, पानं, माती असं रूप घेतलं. जव्हारला समुद्र नाही, पण सागाची आणि पळसाची पानं आहेत, बांबू आहे, पेंढा आहे, गेरू आणि तांदळाचं पीठ आहे. नागलीचं कणीस, वरईची लोंबी आणि उडदाची शेंग शेजारी ठेवली तर वर्गीकरण, स्पर्श, मोजणी आणि घरातली गोष्ट असा एका सकाळचा पूर्ण धडा होतो.

पण निसर्गातलं सगळं निर्धोक नसतं. मोजणीसाठी गुंजा फार मोहक दिसतात, लाल आणि टोकाला काळ्या. गुंज चावली गेली तर ती जीवघेणं विष आहे. एरंडाची बी तशीच. कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा होते. या तिन्ही अंगणवाडीच्या पेटीत असताच कामा नयेत, आणि अंगणाच्या कुंपणाला मोगली एरंड असेल तर मुलं तिथे एकटी जाणार नाहीत हे बघायला हवं. चिंचोके विषारी नाहीत, पण श्वासनलिकेत अडकू शकतात. साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून जी वस्तू आत जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये, हा खेळण्यांच्या सुरक्षेचा जगभर मानलेला मापदंड आहे. अंगणवाडीत मोठ्या मुलांबरोबर धाकटी भावंडं येतातच, म्हणून चिंचोक्यांचा खेळ झाला की मोजून डब्यात भरायचे आणि डबा उंच ठेवायचा. डब्यावर तेलरंग फासलेला नको, रंगाचे पोपडे तोंडात जातात. चांगलं साधन निवडणं हा शिकवण्याचा भाग आहे, तसाच तो मुलाला इजा न करण्याचाही भाग आहे.

मारण्याबद्दल दोनच वाक्यं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली आहे, आणि बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा गुन्हा आहे. चिमटा, कान पिळणं, अंधाऱ्या खोलीची भीती, सगळ्यांसमोर ‘हगरा’ म्हणणं, यातलं काहीही चालत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा ठरतो. सेविकेने पुरावे शोधत बसायचं नाही, मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. १०९८ या मोफत क्रमांकावर बालसाहाय्यासाठी फोन करता येतो. गावातल्या वजनदार माणसाचं नाव आलं तर तिच्यावर दबाव येईल, म्हणून ही गोष्ट एकटीने पोटात ठेवू नये. त्याच दिवशी मुख्यसेविकेला कळवावी आणि कळवल्याची तारीख-वेळ लिहून ठेवावी.

कुटुंबाशी वागण्यातली कसोटी दिवाळीनंतर लागते. भात, नागली निघाली की घरंच्या घरं ‘जगायला’ जातात : भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर. पोरं बरोबर जातात आणि परत येतात ती बहुधा पावसाच्या तोंडाशी, कित्येकदा हाडं निघालेली. वसई भागात ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा काढल्या त्या याच कारणाने. सेविकेच्या हातात यात काय आहे? कुटुंब निघण्याआधी मुलाचं ताजं वजन, उंची, लसींची नोंद माता-बाल कार्डावर भरून द्यायची. कोणत्या भट्टीवर, कोणत्या गावाजवळ जाणार हे विचारून मुकादमाचा फोन लिहून ठेवायचा. आईला एवढंच पक्कं सांगायचं की जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत हे कार्ड दाखवा, तुमचं पोरगं तिथेही हक्काचं आहे. आणि त्या गावच्या सेविकेने ‘हे आमच्या पटावरचं नाही’ म्हणू नये. ही सहकाऱ्याशी आणि मुलाशी, दोघांशीही असलेली जबाबदारी आहे.

आईला दोष देणं फार सोपं असतं. ‘लक्ष देत नाहीस’, ‘आधी भगताकडे का नेलंस’ असं म्हटलं की ती पुढच्या वेळी काहीच सांगत नाही. तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवावं लागतं. ज्या बाईला घरी आणखी दोन लेकरं आहेत आणि रोज मजुरीवर चूल पेटते, तिच्यासाठी चौदा दिवस ही प्रचंड मागणी आहे. तिची अडचण आधी पूर्ण ऐकायची. बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते हे तिला माहीत आहे का विचारायचं. घरच्या लेकरांना कोण बघेल ते आशाताई, सासू, शेजारीण यांच्याशी बोलून तिच्यासमोर ठरवायचं. भगतावर तिचा विश्वास असेल तर भगताशीही बोलायचं. त्याने ‘दवाखान्यातही ने’ म्हटलं तर काम निम्मं झालं. धमकी देऊन, रेशन बंद होईल म्हणून भीती घालून गाडीत बसवलेली आई तिसऱ्या दिवशी मूल घेऊन निघून येते.

फोटोंबद्दल बोललंच पाहिजे. वावर-वांगणीच्या मुलांचे फोटो काढायला १९९२ पासून माणसं येत आहेत. बरगड्या दिसणारं, नाक वाहणारं, नागडं मूल. आज हे काम प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल करतो आणि कधी कधी सेविकेचा स्वतःचा मोबाइलही, कारण कार्यक्रम झाल्याचा पुरावा गटावर टाकायचा असतो. पंगतीचा फोटो टाकणं वेगळं आणि ‘सॅम बालक’ असं लिहून नावासकट चेहरा टाकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मुलाची आजाराची माहिती अनेक फोनांत जाते आणि पुसता येत नाही. आईला तिच्या बोलीत विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि विचारताना ‘नाही म्हटलं तरी आहार थांबणार नाही’ हे आधी सांगायचं. आजारी मुलाचा चेहरा तर संमती असली तरी बाहेर जाऊ नये. पाहुणा कितीही मोठा असो, सेविकेला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि तिच्या ‘नाही’ मागे प्रकल्प अधिकाऱ्यांनी उभं राहिलं पाहिजे.

ही सगळी अपेक्षा आपण ज्या बाईकडून करतो तिला सरकार आजही ‘मानसेवी’ म्हणतं आणि वेतनाऐवजी मानधन देतं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ पासून आपल्या हिशेबात सेविकेचं मानधन ४५०० रुपये केलं. त्यावर राज्य आपली भर घालतं. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. पोषण ट्रॅकर हे ॲप २०२१ मध्ये आलं, तेव्हा इंग्रजीतली माहिती भरणं आणि कमी क्षमतेचे सरकारी मोबाइल यांवरून महाराष्ट्रातल्या सेविकांनी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. ४ डिसेंबर २०२३ पासून जवळपास पन्नास दिवस राज्यभर संप झाला. त्या काळात अंगणवाड्या बंद होत्या, मुलांचं ताट थांबलं होतं, आणि ही किंमत खरी होती. तरीही संप करणाऱ्या बाईला ‘तुला मुलांची दया नाही’ म्हणणं मला मान्य नाही. वर्षानुवर्षं अर्धपोटी राहून दुसऱ्यांच्या मुलांना भरवा, असं कुठलीच आचारसंहिता सांगत नाही. मुलाशी असलेली जबाबदारी तिची आहे तशी तिच्या मालकाची, म्हणजे सरकारची आणि पर्यायाने आपली आहे. संपाच्या काळात ताट चालू राहण्याची पर्यायी सोय आधीच करून ठेवणं हे त्या मालकाचं काम होतं.

म्हणून नीतीची चर्चा साधनांच्या यादीशिवाय पूर्ण होत नाही. चालू वजनकाटा आणि तो दुरुस्त करणारा माणूस. उंची मोजायची पट्टी. पावसात न गळणारी खोली, पाणी, संडास. वेळेवर आलेलं धान्य आणि वेळेवर आलेलं मानधन. तिच्या भाषेत चालणारं ॲप, आणि नेटवर्क नसलेल्या पाड्यासाठी कागदी नोंदवही चालेल अशी परवानगी. महिन्यातून एकदा सेविकांनी मिळून आपापल्या अडचणीच्या प्रसंगांवर बोलायची बैठक, जिथे आकड्यांची झाडाझडती होणार नाही. शेवटचं साधन सगळ्यात स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं, कारण कडेवर बाळ घेऊन उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलीचं काय करायचं हे नियमावलीत लिहिलेलं नसतं. ते चार अनुभवी बायकांनी बसून ठरवावं लागतं.

पावसाळ्यात दाभोसाचा धबधबा बघायला जव्हारला जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. वाटेत पाड्यावर थांबून मुलांना बिस्किटांचे पुडे वाटू नका आणि त्यांचे फोटो काढू नका. मदत करायचीच असेल तर तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा की कोणत्या अंगणवाडीचा वजनकाटा बंद आहे, आणि तो सुरू होईपर्यंत पाठपुरावा करा.